सातव्या महिन्यातला फोटो

दुपारी गल्लीतल्या बायका शेंगा फोडायला बसल्या की टरफलांचा ढीग होतो आणि त्याहून मोठा ढीग होतो किस्स्यांचा. टरफलं झाडून टाकता येतात. किस्से मात्र अठ्ठावीस वर्षं माझ्याकडंच पडून आहेत, आणि त्यातले निम्मे तरी गरवारपणाचे! परवा ते कामाला आले.

समोरच्या कमलवैनींची सून पल्लवी. सातवा लागला, डोहाळे जेवणाचा दिवस ठरला, अन् पोरगी खोलीचं दार लावून बसली. मला कुठं राहवतंय? विरजणाचं निमित्त करून गेलेच. गालांवर वांगाचे डाग, मान काळवंडलेली, डोळे रडून लाल.

"काकू, मला माझंच तोंड ओळखू येईना. समदे फोटो काढतील. मी बाहेर येणारच न्हाई."

म्हटलं, "नको येऊ. पण आधी ऐक."

*

मी उमरीहून लग्न होऊन लातुरात आले. पहिल्या वेळी माझे पाय असे सुजले की एकही चप्पल होईना. एका सकाळी आमच्या ह्यांच्या चपला घालून मी दवाखान्यात गेले. ह्यांना नेमकं औशाला जायचं होतं. घरात उरल्या होत्या माझ्या, लाल फुलाच्या. बस चुकवील तर तो आमचा माणूस कसला! बोटं आत, टाचा बाहेर, हे त्याच घालून निघाले.

कंडक्टरनं तिकीट दिलं, खाली बघितलं आणि हळूच विचारलं, "मामा, घरी समदं ठीक हाय ना?"

"हाव," हे म्हणाले. "सातवा चालू हाय."

बाळंतपणानंतर सूज उतरली, पण पाऊल वाढलं ते वाढलंच; माझ्या त्या चपला मला परत कधी झाल्या नाहीत. अजून माळ्यावर आहेत. टाकवत नाहीत.

*

आमच्या भिंतीला भिंत नूरजहाँआपांची. त्यांच्या पोटावर बेंबीपासून खाली काळी रेघ उमटली. त्यांना वाटलं, नव्या परकराचा रंग लागला. आठ दिवस घासत राहिल्या. रेघ जाईना, तेव्हा परकर घेऊन तडक अप्पांच्या दुकानात!

"अप्पा, रंग छूटता इसका! पैसे वापस देव!"

अप्पा गडबडले. त्यांची म्हातारी आई गल्ल्यामागं बसायची. ती आपांना कपड्यांच्या गठ्ठ्यांआड घेऊन गेली, बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "अप्पा, परकर बदलून दे. रेघ बाळ झाल्यावर जाईल."

आपा आता लेकाकडं नांदेडला असतात. फोनवर अजून विचारतात, "वो परकर याद है क्या?"

*

आमच्या गल्लीतली विमल नाजूक, बोलायची तर शेजारच्याला ऐकू जायचं नाही. दिवस गेले अन् नाक चोंदायला लागलं. सप्त्यात दुपारचं कीर्तन चाललेलं, ही खांबाला टेकली आणि घोरायला लागली. साधं नाही, मृदंगाच्या वर!

सासूनं कोपर मारलं. तर महाराज म्हणाले, "राहू द्या माय. दोघं आलेत, एक तर जागा असंल!"

*

एवढ्यावर पल्लवी हसली. तेवढ्यात सरकारी दवाखान्याच्या आशाताई आल्या, गल्लीतल्या गरवार बायांकडं त्यांची फेरी असते. पल्लवीनं गाल दाखवले.

"वांग हाय. बाळ झाल्यावर हळूहळू फिकं पडतंय. उन्हात पदर घेत जा, अन् कुणी सांगितलं म्हणून कसलं मलम लावू नको," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "अन् काकू, तुमच्या चपलांचा किस्सा सांगा खुशाल, पण पुढचंबी सांगत जा. तोंड-हात एकदम सुजले, डोकं लई दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर किस्से बंद अन् सरळ दवाखाना!"

तेव्हापासून तेही सांगते.

*

पण डोहाळे जेवणाच्या दिवशी दार पुन्हा बंद. बाहेर बायका जमलेल्या, फुलांच्या वाड्या आलेल्या, फोटोवाला ताटकळलेला. मी आत होते, समजूत काढून थकलेली.

कमलवैनी आत आल्या. कडक बाई. लग्नापासून सुनेला त्यांचं एकच वाक्य, "पदर नीट घे." मला वाटलं, आता बोलणी बसतात.

त्यांनी कडी लावली. पल्लवीपुढं बसल्या आणि आपल्या लुगड्याच्या निऱ्या थोड्या खाली केल्या. पोटभर पांढरे वळ, जुने, सुरकुतलेले.

"हे तुझ्या नवऱ्याच्या वेळचे," बोट ठेवत म्हणाल्या. "हे तुझ्या नणंदेच्या."

मग बोट बाजूला सरकलं आणि तिथंच थांबलं.

"अन् हे मधल्याच्या वेळचे. आठ दिवसांचा होऊन गेला. त्याचा फोटो न्हाई कुणापाशी. माझ्यापाशी एवढंच हाय."

अठ्ठावीस वर्षं शेजारी राहते मी. कुणाच्या घरी काय शिजलं ते सांगते. हे मला ठाऊक नव्हतं.

पल्लवीनं तोंड धुतलं. बाहेर येऊन पाटावर बसली. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला, तशी तिनं सवयीनं पोटावर पदर ओढला.

मागून कमलवैनींचा आवाज आला, "पदर बाजूला घे."