चार फ्रेमची चिमणी

फोकसकाकांना हे नाव प्रेक्षकांनी दिलं. पडद्यावरचं चित्र जरा धूसर झालं की लोक मागे वळून 'फोकस, फोकस' ओरडतात. काका मशीनवर असले की ओरडायची वेळच यायची नाही, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला तर काही तरी ओरडायचं असतंच. मग काका मध्यंतरात खाली उतरले की टवाळ मंडळी उगाच 'फोकस' करायची. काका थांबून गंभीरपणे विचारायचे, "कुठल्या सीनला गेला होता?" मंडळी पांगायची. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढेपुढे काकूसुद्धा दारात आलेल्याला सांगायच्या, "बसा, फोकस आंघोळीला गेलेत."

चौतीस वर्षं त्यांनी एकाच थिएटरात ऑपरेटरची नोकरी केली. थिएटर पाडलं तेव्हा सगळे बघायला गेले होते, काका गेले नाहीत. म्हणाले, "मी ते कधी बाहेरून नीट बघितलंच नव्हतं. आता काय ओळख दाखवू?"

काकांची गोष्ट खरं तर त्यांच्या धाकट्या भावाची आहे. आम्हाला ती फार उशिरा कळली. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे आमचा गाढवपणा तुम्हाला नीट दिसेल.

त्या काळी पिक्चर एका लांबलचक फितीत येत नसे, वीस-वीस मिनिटांच्या रिळांमध्ये यायचा. मशीन दोन. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं, असं की खाली बसलेल्याला पत्ताही लागू नये. ते कधी करायचं हे कळावं म्हणून रिळाच्या शेवटी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकून जातो. पण प्रिंट दहा गावं फिरून आली की रिळांचे शेवट फाटतात, आणि ठिपके त्यांच्याबरोबर जातात. मग ऑपरेटर सुईने स्वतःची खूण कोरतो; साधा गोल असला तर वितरकही काही म्हणत नाही.

धाकटा काकांहून नऊ वर्षांनी लहान. काकांनीच त्याला थिएटरात चिकटवलेला. एका वर्षी एका पोस्टमनचा पिक्चर लागला, प्रिंट नंबर अकरा, आणि त्याच्या चार नंबरच्या रिळाचा ठिपका गेलेला निघाला. काका म्हणाले, "एक गोल कर." त्या रिळाच्या शेवटी पोस्टमन पुलावर उभा असतो आणि मागे नुसतं आभाळ. इतकं मोकळं आभाळ बघून धाकट्याला गोल करणं जिवावर आलं. त्याने चिमणी कोरली. चार फ्रेमवर चार: पंख वर, खाली, वर, खाली. पडद्यावर सेकंदाच्या सहाव्या भागापुरती ती फडफडायची. खाली कोणाला दिसायची नाही. वरच्या खोलीत दोघं भाऊ रोज तीन वेळा बघायचे.

"हे काय केलंस?" काका म्हणाले.

"खूणच आहे की. गोलापेक्षा लवकर दिसते."

"प्रिंट म्हणजे तुझी पाटी नाही."

पिक्चर सात आठवडे चालला. आता इथे एक गोष्ट समजून घ्या, सगळं तिच्यावर आहे. प्रिंट आली की ऑपरेटर ती तपासून रजिस्टरात तिचे दोष लिहितो आणि प्रत्येकापुढे लिहितो 'आहे'. म्हणजे हे आधीपासून आहे, आमच्या माथी मारू नका, आम्हीही हात लावणार नाही. प्रिंट परत जाताना पुन्हा तपासणी. त्यात काही जास्तीचं सापडलं तर पुढे लिहायचं 'नवीन'. म्हणजे हे आमच्याकडे झालं.

काका चार नंबरच्या रिळाशी आले. धाकटा शेजारीच उभा होता.

"दादा, 'आहे' लिही."

"आधी नव्हती."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळणार आहे," काका म्हणाले आणि त्यांनी लिहिलं: चिमणी, नवीन.

वितरकाची तक्रार आली. मालकाने आठवड्यात धाकट्याला काढलं. तो बायको आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन दुसऱ्या गावी गेला, चपलांच्या दुकानात लागला, आणि दादाशी परत बोलला नाही. अकरा वर्षांनी निरोप आला. काका पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

ती मुलगी आता नर्स आहे. काकांशी तिचं बोलणं वर्षातून दोनदा, 'बरे आहात ना' आणि 'हो, तू कशी आहेस' एवढंच.

आता आम्ही. आम्ही पाच जण, सगळे पोटापाण्याला भलतंच काही करणारे. जुन्या पिक्चरचं वेड हा एकच समान दोष. आमच्यातल्या औषधवाल्याच्या दुकानावरच्या माळ्यावर आम्ही एक मशीन जुळवलं होतं. त्यातून फिल्म हळूहळू सरकते आणि कॅमेरा एकेका फ्रेमचा फोटो काढतो. मग कॉम्प्युटरवर बसून त्या फोटोंतले ओरखडे, डाग, धूळ पुसायची. आमच्या भाषेत या सगळ्याला एकच शब्द: घाण. पोस्टमनच्या पिक्चरची मूळ निगेटिव्ह कधीच नष्ट झालेली. एका बंद पडलेल्या गोदामात गंजलेल्या डब्यांतून आम्हाला त्याची एक प्रिंट मिळाली आणि आम्ही हवेतच तरंगायला लागलो.

बातमी ऐकून काका जिना चढून आले. धापा टाकत एवढंच विचारलं, "प्रिंट नंबर कितवा?"

"अकरा," औषधवाला म्हणाला.

काका खोक्यांच्या थप्पीवर बसले. आम्हाला वाटलं, जिना लागला.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज दुपारी यायला लागले. आम्ही त्यांना काम दिलं: रीळ हाताने फिरवत बघायचं आणि वहीत दोष टिपायचे. दोन महिने त्यांनी डोळ्यांत तेल घालून ते केलं. आम्ही आपसात म्हणायचो, म्हाताऱ्याचा वेळ बरा जातोय. याच दोन महिन्यांत त्यांनी पुतणीला फोन केला होता. "तुझ्या बापाच्या हातचं एक चित्र सापडलंय. पडद्यावर दाखवतो तुला. येशील?" ती म्हणाली होती, "बघते." त्यांना यापलीकडे काही नको होतं. पण हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आपल्या घरचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या मशीनवर कशाला, असा त्यांचा हिशेब असावा.

वहीत चारशेच्या वर नोंदी झाल्या. रीळ, फूट, दोष, आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: आहे. आम्हाला गंमत वाटायची.

"काका, सगळंच 'आहे', तर लिहिता कशाला?" मी एकदा विचारलं.

"लिहिलं नाही तर पुढच्याला कसं कळेल?"

मला ते पटलं. पुढचा मीच होतो. मला जे कळायला हवं होतं ते मी माझ्या अकलेने समजून घेतलं.

चार नंबरचं रीळ माझ्या वाट्याला आलं. वहीत शेवटची ओळ होती: "शेवट, उजवा वरचा कोपरा, चार फ्रेम. चिमणी. आहे." 'आहे'च्या खाली दोन रेघा. मी म्हटलं, ही घाण काकांच्या डोळ्यांत फारच खुपलेली दिसते. आभाळातला डाग काढणं महाकठीण, आभाळ लगेच ठिगळासारखं दिसतं. मी पुढच्यामागच्या फ्रेममधून आभाळाचे कण वेचून दोन अख्खे रविवार भरत बसलो. चिमणी चांगली होती, हे मी पाहिलं होतं. इतकं रेखीव कोणी कोरलं असेल, असं क्षणभर मनात आलंही. मग मी चौथी पुसली.

आमच्याकडे साठवायच्या डिस्क दोनच होत्या. रीळ साफ झालं की त्याचे मूळ फोटो उडवायचे, नाही तर पुढच्या रिळाला जागा नाही. आणि खुद्द चार नंबरचं रीळ मशीनमधून एकदाच गेलं. फिल्म कुजत आली की येतो तसा आंबट वास त्याला मारत होता. शेवटचे काही फूट रंध्याखालच्या सालपटांसारखे वळून तुटले. ते आम्ही झाडून काढले.

पिक्चर दाखवायचा तो रविवार उजाडला. शाळेचा हॉल, संध्याकाळी पाचची वेळ. सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालूनच आले.

"चार नंबर कसं झालंय रे?"

"आरशासारखं, काका."

"आणि शेवटचा कोपरा?"

"त्याची काळजीच नको. तुमची नोंद होती ना."

काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "नोंद होती म्हणून बरं."

पुतणी आली, ड्यूटीवरून थेट, खांद्याला पिशवी. काकांनी तिला तिसऱ्या रांगेत मधोमध बसवलं. पुढे एक उंच माणूस होता, त्याला हात जोडून उठवलं आणि कडेला बसवलं. मी त्यांच्या मागेच होतो. पिक्चर सुरू झाला. इतका स्वच्छ, की आमच्यातला एक जण रडला. काका एकदाही पडद्याच्या मध्ये बघत नव्हते.

पोस्टमन पुलाकडे चालायला लागला तसे ते पुतणीकडे झुकले.

"आता बघ. उजवा वरचा कोपरा. पापणी मिटू नकोस."

पोस्टमन थांबला. मागे आभाळ पसरलं, मी भरलेलं. काकांचा उजवा हात आपोआप वर उठला, दुसरं मशीन चालू करायला उठायचा तसा, आणि अधांतरी राहिला. पुढचा सीन सुरू झाला तरी खाली येईना. काय ते कळलं नव्हतं, पण काही तरी मी केलंय एवढं कळलं.

"दिसली?" काकांनी विचारलं.

तिने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "दिसली, मोठे काका."

"फडफडली?"

"हो."

"हं," काका म्हणाले आणि हात मांडीवर ठेवला.

पिक्चर संपला, टाळ्या झाल्या, लोक आमचे हात हातात घेत होते. काका मला खुर्च्यांच्या थप्पीमागे घेऊन गेले.

"अरे, नोंद केली होती मी."

"म्हणून तर काढली, काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "'आहे' म्हणजे असू दे, रे."

पुढे त्यांनीच विचारलं,

"मूळ फोटो?"

मी सांगितलं.

"रीळ?"

तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. तपासणीत हलवत असतील तशीच, एक नोंद झाली, पुढची. मग म्हणाले, "आभाळ छान भरलंयस. सांधा कुठे दिसत नाही." हे त्यांनी मनापासून म्हटलं, म्हणून जास्त लागलं. "तिला काही सांगू नकोस. तिला दिसलीय."

काका छत्री शोधायला गेले तशी पुतणी माझ्याजवळ आली. धाकट्याची सगळी हकीकत मला तिनेच त्या दहा मिनिटांत सांगितली.

"नव्हती ना ती?" शेवटी तिने विचारलं.

"नव्हती."

"बाबा माझ्या वहीच्या कोपऱ्यांवर काढून द्यायचे. पानं भराभर उलटली की उडायची. दुकानातून दमून आले तरी काढायचे. मी डोळा हलवला नाही त्या कोपऱ्यावरून."

"मग दिसली कशाला म्हणालात?"

"तुम्ही मागे बसला होतात. तुम्हाला त्यांचा चेहरा दिसला नाही." तिने पिशवी सावरली. "त्यांना सांगू नका."

म्हणजे आता दोघांचंही एकच गुपित माझ्याकडे, आणि दोघांपासून लपवायचं. चौतीस वर्षं त्या कोपऱ्यावर नजर ठेवलेल्या माणसाला, न आलेली चिमणी तिला कशी दिसली हे कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

मी त्यांच्याबरोबर बसथांब्यापर्यंत गेलो. काकांनी तिची पिशवी घेतली होती, तिने घेऊ दिली. थांब्यावर आल्यावर तिने विचारलं, भांडायच्या सुरात नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"मोठे काका, तेव्हा 'आहे' का नाही लिहिलंत?"

काका रस्त्याकडे बघत राहिले. बस वळणावर दिसली, जवळ आली, थांबली. त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली.

"आता लिहिलं गं," ते म्हणाले.

ती पायरीवर चढून वळली, पण तोवर कंडक्टरने बेल दिली होती.