झडती घ्यायची परसरामची रीत

दिग्रसच्या स्टँडवर मी तिकिटाचं मशीन चालू करत होतो, तेवढ्यात आमचा ड्रायव्हर म्हणाला, "तुमचे परसराम सुभेदार गेले म्हनते ना..." मी त्याच्यावरच खेकसलो. आदल्याच दिवशी परसराम माझ्याशी फोनवर चांगला भांडला होता! पण खबर खरी होती. हार्ट अटॅक. दीड महिना झाला, माझा राग अजून जात नाही. असं न सांगता जायची काय घाई होती रे तुला?

परसराम आमच्या दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. लहानपणी त्यांच्या तांड्यावर दारूच्या संशयावरून पोलिसांची झडती आली होती. तांड्याची रीत अशी, की परक्याने आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारात जायचं, कशाला आलो ते सांगायचं. ते राहिलं बाजूला, माणसं थेट घरात घुसली आणि त्याच्या याडीने, म्हणजे आईने, भरून ठेवलेली ज्वारी अंगणातल्या चिखलात ओतली. दारू सापडली नाहीच. याडी दिवसभर चिखलातून दाणे वेचत बसली. हे त्याने मला किती वेळा सांगितलं असेल, गणती नाही.

पुढे तो फौजेत सुभेदार झाला, आणि जवानांना मानवी हक्क शिकवायचं काम त्याच्याकडे आलं. वरून आलेले नियम तो वाचून दाखवायचाच, पण त्यात तांड्याची रीतही मिसळायचा. झडतीआधी गावातल्या वडीलधाऱ्यांना गाठा, कारण सांगा, बायापोरांना नीट बाहेर येऊ द्या, आणि धान्य सांडलंच तर ते तुम्हीच भरून द्या. जवान मागून त्याला 'नायकसाब' म्हणून चिडवायचे. गड्याला ते फार आवडायचं!

मग सुनीलचं झालं. सुनील आमच्याकडच्याच बोरी अरब गावचा, याच्याच हाताखालचा कोवळा जवान. तिकडे ड्युटीवर असताना रस्त्यावरच्या स्फोटात गेला. दुसऱ्या दिवशी जवळच्या गावात झडती लागली, तेव्हा एका घराच्या माळ्यावर लपलेला माणूस सापडला. पोरं पेटलेली होती. "साब, तुम्ही जरा बाहेर जा," म्हणाली. परसराम त्या माणसाच्या पुढ्यात उभा राहिला आणि हलला नाही. गावकऱ्यांसमक्ष त्याला धडधाकट अवस्थेत पोलिसांच्या हवाली केलं. त्यानंतर निम्मी पलटण याच्याशी बोलेनाशी झाली.

"अन् त्यानंच केलं असन तं?" मी एकदा विचारलं.

"असन बी. मले काय मालूम? पन तो माह्या ताब्यात होता ना बे."

सुट्टीत आला तो आधी बोरी अरबला, सुनीलच्या आईकडे, शांताकाकूंकडे गेला. दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळू नये म्हणून. मी सोबत होतो. त्याने काही न लपवता सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माह्या पोराले मारनारा तुमच्या हाती होता, अन् तुमी त्याले जपलं? परत माह्या दारात येऊ नका." तो हात जोडून उठला. स्टँडवर येऊन मात्र ढसाढसा रडला.

रिटायर झाल्यावर दर दिवाळीला तो माझ्या गाडीत बसून बोरी अरबपर्यंत यायचा. फराळाची पिशवी माझ्या हाती द्यायचा, स्वतः उतरायचा नाही. काकू स्टँडवर येऊन पिशवी घ्यायच्या, खिडकीकडे बघायच्या नाहीत. "अरे, उतर तं खरं," मी करवादायचो. "त्याइनं नाई म्हटलं ना, मंग कसा उतरू?" अस्सा हट्टी!

मागच्या आठवड्यात सुट्टी काढून मी काकूंकडे गेलो. त्यांना कळलेलं होतं. म्हणाल्या, "इतके वर्स एकच विचार करून राह्यली मी. माहा सुनील असा कोनाच्या हाती जिता लागला असता, तं तिथं परसरामसारखा एखादा असाले पाह्यजे होता."

"हे त्याले सांगाचं होतं ना, काकू."

"सांगनारच होती बावा... या दिवाळीले गाडीत चढून, हाताले धरून त्याले खाली उतरवनार होती."