कान्हूआबाच्या दोन बाटल्या

आंदर मावळातल्या आमच्या वाडीत कान्हूआबाइतका संशयी माणूस नाही. झऱ्याच्या पाण्यानं पोरांची पोटं बिघडली, तेव्हा भगतानं तांदळाचे दाणे मोजून सांगितलं, झऱ्यावरचा देव कोपलाय. आबानं मुद्दाम विचारलं, "माजी म्हस का आटली?" भगतानं पुन्हा दाणे मोजले. म्हणाला, नजर लागलीय. आबाकडे म्हैसच नाही!

मी वाडीची आशाताई. मला वाटलं, म्हातारा आपल्या बाजूला आला. मी पाणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवताना त्यानं दोन बाटल्या दिल्या, एक झऱ्याची, एक विहिरीची म्हणून. दोन्हींतलं पाणी सारखंच दूषित निघालं.

आबा हसला. "दोनी बाटल्या झऱ्याच्याच व्हत्या."

"म्हणजे तपासणी खरी ठरली की!"

"कशावरनं? एक बघून दुसरीवर तेच लिवलं असंल."

"आणि वेगवेगळं आलं असतं तर?"

"तर मशीन खोटी."

माझं डोकंच फिरलं. "मग तुम्ही पाणी कुठलं पिता?"

"झऱ्याचंच. माजा आजा जलमभर तेच प्याला."

आजा पटकीनं गेला, हे मला आबानंच सांगितलं होतं.