डावीकडची अर्धी जागा

टोकियोजवळच्या इचिकावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये भारतीय घरांचा एक छुपा सण होता: मोठ्या कचऱ्याचा दिवस. आजूबाजूची जपानी माणसं चांगल्या चालत्या वस्तूंवर कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेलं कचरा-शुल्काचं स्टिकर चिकटवून त्या खाली ठेवत, आणि आम्ही पुण्या-मुंबईची सुशिक्षित सॉफ्टवेअर मंडळी कचऱ्याची गाडी यायच्या आत त्या वर आणत असू. आमचा टीव्ही तसाच आला, पंखाही तसाच. फुकट ते पौष्टिक! २००४ च्या मे महिन्यात मी त्या ढिगातून एक टेनिस रॅकेट उचलली, स्टिकर सोलून टाकलं आणि नऊ वर्षांच्या माझ्या लेकीच्या, नुपूरच्या, हातात दिली.

तिने ती डाव्या हातात धरली. नुपूर जेवते, लिहिते, दात घासते सगळं उजव्या हाताने. मी म्हटलं, "अगं, उजव्या हातात धर." तिने हात बदलला तशी रॅकेट खाली पडली. पुन्हा उचलली ती डाव्याच हाताने.

"राहू दे गं मेधा," माझा नवरा उदय लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला. "लेफ्टी लोक भारी खेळतात."

महापालिकेच्या कोर्टवर दर शनिवारी तोबिता-सान मुलांना शिकवायच्या. छत्तिशीच्या, उन्हाने रापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. एके काळी त्या व्यावसायिक टेनिस खेळायच्या म्हणे. त्यांची एक खोड होती. शिकवताना त्या कायम कोर्टच्या उजव्या अर्ध्या भागात उभ्या राहत. चेंडू डावीकडे गेला की जागच्या हलत नसत, नुसत्या बघत राहत. चेंडू मागच्या जाळीवर आपटला की पुढचा घेत. बाकीच्या आया त्यावरून हसायच्या, आणि मी काही मागे नव्हते.

पहिल्या शनिवारी नुपूरने चेंडू तीनदा जमिनीवर आपटला, कपाळ डाव्या खांद्याला पुसलं आणि मारला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तोबिता-सानच्या हातातली चेंडूंची टोपली खाली पडली.

"रॅकेट कुठून आणलीत?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीने दिली," मी थाप मारली. कचऱ्यातून उचलली हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मंगळवारी सकाळी, नुपूर शाळेत असताना, त्या सेन्बेईचा, तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा, डबा घेऊन दारात उभ्या. मी पुण्यात जपानीच्या तीन परीक्षा दिल्या होत्या, त्या आयुष्यात पहिल्यांदा कामी आल्या, आणि वाटलं, आल्या नसत्या तर बरं झालं असतं.

"ती रॅकेट मीच टाकली होती," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं सांभाळली. शेवटी वाटलं, आता पुरे."

रॅकेट हारुमीची होती. दोघी एकाच किनाऱ्यावरच्या गावच्या, अठराव्या वर्षी एकदमच व्यावसायिक झालेल्या. तोबिता-सान एकेरीत कधी दोनशे एकतिसाव्या क्रमांकाच्या वर गेल्या नाहीत. पण दुहेरीत प्रतिस्पर्धी दोघींना वचकून असायचे. गावोगावच्या छोट्या स्पर्धा, एकाच खोलीत मुक्काम, कपडे न्हाणीच्या टबात धुवायचे, भाताचा कुकर बॅगेत. डावखुरी हारुमी डावीकडे, तोबिता-सान उजवीकडे. एका मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी गाठायला फक्त एक विजय हवा होता. १९९३ चा जुलै, क्युशूतलं एक छोटं शहर, भाजून काढणारं ऊन. बाजू बदलताना हारुमी पाणी प्यायली आणि म्हणाली, "इकु-चान, आज इथेच थांबू या का?"

"मी म्हटलं, एकच गेम राहिलाय," तोबिता-सान चहाच्या कपाकडे बघत म्हणाल्या. "जिंकलो आम्ही. कपडे बदलायच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही." मग त्यांनी मान वर केली. "तुमची मुलगी तिच्यासारखी खेळते. ती माझ्यावर रागावलीय का, एवढंच मला कळायला हवंय. जुलैतल्या सामन्यात नुपूर-चानला माझ्या जोडीला द्याल?"

आई म्हणून नाही म्हणायला हवं होतं, रॅकेट त्याच दिवशी परत द्यायला हवी होती. पण अकरा वर्षं अर्धं कोर्ट रिकामं ठेवणाऱ्या बाईला नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. नुपूरला यातलं अक्षरही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. मी ते उदयलासुद्धा सांगितलं नाही.

सामना शिक्षक-विद्यार्थी जोड्यांचा, हौसेचा. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. नुपूर डावीकडे उभी होती. तोबिता-सान एकदाही तिच्याकडे वळून बघत नव्हत्या आणि दोघींमधून एकही चेंडू जात नव्हता. आया टाळ्या वाजवत होत्या. मला मात्र तिथून माझी मुलगी उचलून पळावंसं वाटत होतं.

पाच-चार झाले, आमची जोडी पुढे. एकच गेम हवा होता. बाजू बदलताना नुपूर बाकावर बसली, पाणी प्यायली. मी जाळीपलीकडे चार हातांवर उभी होते, त्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं. आवाज नुपूरचाच होता.

"इकु-चान, आज इथेच थांबू या का?"

माझी नऊ वर्षांची मुलगी, जी पंचांनासुद्धा लवून नमस्कार करायची, शिक्षिकेला 'सेन्सेई' म्हणजे बाई म्हणायची, तिने त्यांना लाडाच्या नावाने हाक मारली होती. ते नाव तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

तोबिता-सान आता तिच्याकडे वळल्या.

"हो. थांबू या. मी तेव्हाच थांबायला हवं होतं."

त्या उठल्या, पंचांकडे गेल्या, लवल्या आणि सामना सोडला. मग रिवाजाप्रमाणे लांब ब्रश घेऊन कोर्टवरची वाळू सारखी करू लागल्या. आधी उजवीकडची, आणि मग, मी त्यांना पहिल्यांदाच तिथे पाऊल टाकताना पाहिलं, डावीकडची. रडत होत्या, पण ब्रश सरळ रेषेत चालला होता.

नुपूर माझ्याकडे आली. रॅकेट तिने उजव्या हातात धरली होती, आणि ती जड असल्यासारखी जमिनीवरून ओढत आणली होती. डोळ्यांत पाणी होतं. तिने विचारलं, "आई, आपण जिंकत होतो ना? मग तोबिता-सेन्सेई मधेच का थांबल्या?"