स्टिअरिंग बोडिलकडे

माझा थोरला भाऊ प्रेबेन आयुष्यभर डेन्मार्कमधल्या आमच्या मोर्स बेटावर दुधाचा टँकर चालवत होता. घरची गाडीही तोच चालवायचा. बोडिलवहिनीने कधी किल्ली उचललीच, तर हा शेजारी बसून दरवाजाची मूठ घट्ट धरायचा आणि "गिअर, गिअर" करत राहायचा. तिने मग चालवणं जवळजवळ सोडूनच दिलं.

निवृत्तीनंतर दोघं स्कॉटलंडला फिरायला गेली. लायसन्स फोनमध्ये आल्यापासून प्रेबेन कार्ड घरीच टाकायचा. विमानतळावर गाडी भाड्याने देणाऱ्या मुलीने त्याचा फोन बघून परत केला.

"हे फक्त डेन्मार्कमध्ये चालतं. मला कार्ड लागेल."

"अगं, माझा जन्म टँकरवर गेलाय."

"असेल. पण कार्ड लागेल."

वहिनीने पर्समधून आपलं कार्ड काढून पुढे केलं. किल्ली तिच्या हातात आली. घरी जिथे स्टिअरिंग असतं, त्या डाव्या बाजूला प्रेबेन रिकाम्या हातांनी बसला.

"फार कडेला चाललीयेस."

"प्रेबेन, तू मेंढ्या बघ."

ती शांतपणे चालवत होती, आणि तेच त्याला सोसेना. "एखादा ओरखडा तरी पडावा असं वाटत होतं रे," हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

पुढे डोंगरात एका गाडीपुरताच रस्ता होता. समोरून दुधाचा टँकर आला. बाजूला घ्यायची जागा मागे, वळणावर.

"उतर, मी घेतो मागे," प्रेबेन म्हणाला.

"कुठल्या लायसन्सवर?"

तिने मान वळवली आणि एका दमात गाडी मागे नेऊन लावली. जाताना टँकरवाल्याने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली. सवयीने प्रेबेननेही हात वर केला. टँकरवाला मात्र बोडिलकडे बघत होता.

त्या संध्याकाळी असल्या रस्त्याने गाडी आणली म्हणून खाणावळीच्या मालकाने वहिनीचं कौतुक केलं, तेव्हा हा सूप अर्धं टाकून झोपायला गेला.

परतल्यावर आमच्याकडे कॉफी घेताना तो म्हणाला, "माझे डोळे दुखत होते, म्हणून दिली हिला गाडी."

वहिनी पावाला लोणी लावत होती. माझ्या बायकोने तिच्याकडे पाहिलं.

"कार्ड विसरला," वहिनी म्हणाली.

आम्ही हसलो. प्रेबेनही हसला, जरा उशिराने.

आता वहिनी गाण्याच्या वर्गाला पूल ओलांडून थिस्टेडला स्वतः गाडी नेते. तेवढा वेळ प्रेबेन माझ्याकडे येऊन बसतो आणि रस्त्यावर नजर ठेवतो. परवा म्हणाला, "उन्हाळ्यात नॉर्वेला जायचं म्हणतेय. तिच्या बहिणीला घेऊन."

"आणि तू?"

"मलाही बोलावलंय. मागच्या सीटवर."

"मग जाणार?"

"बघू," तो म्हणाला, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.