लाल झालेल्या ओळी

ऑफिसातल्या वरिष्ठ मेधाताईंनी शिकवलं नसतं, तर नववीतच शाळा सोडलेला मी, गावापासून इतक्या लांब या बंगळुरूत, कर्नेलच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या गाभ्याच्या, कोडला हात लावायला धजलोच नसतो. एका जुन्या चिपसाठीची फाइल त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली. वर माझं नाव होतं. माझं नाव असलेली तेवढी एकच.

आज सकाळी स्क्रीनवर ती अख्खी लाल दिसली. लाल म्हणजे काढून टाकलेली. तिच्या जागी सगळ्या चिपना चालेल अशी एकच सामायिक फाइल. बदल करणाऱ्याचं नाव वाचलं: मेधाताई. काढण्याआधी मूळ लिहिणाऱ्याला विचारायचं, हेही त्यांनीच शिकवलेलं.

"ताई, सांगायचं तरी!"

"अरे, दहा ठिकाणी तेच ते लिहिलेलं. तुझ्यात वेगळं काय होतं?"

काहीच नव्हतं, हेच तर खुपलं. इथे येऊन माझी बोली पुसली गेली, जेवण बदललं, तेव्हाही कुणी विचारलं नाही. पण ती शहरातली माणसं परकी होती, ताई आपल्या होत्या.

तरी हात धरला तो त्यांनीच. कधी त्यांचं लिहिलेलं काढायची पाळी माझ्यावर आली, तर आधी त्यांच्यापाशी जाऊन बसेन, विचारेन. ताई, तुमचं ऋण मी असंच फेडेन.