मागे न वळता जाणं

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावात आमच्या शेजारच्या डच आजोबांकडे त्यांच्या वडिलांचा लाकडी कॅमेरा आहे. वडील त्यातून काचेच्या प्लेटवर घरट्यातल्या शिकारी पक्ष्यांचे फोटो काढत. तसा एक फोटो स्वतः काढायचा, एवढीच आजोबांची इच्छा. एका डोळ्याची नजर गेलेली, दुसऱ्याची जायला लागलेली. पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा नव्हता.

ओळखीच्या शेतकऱ्याच्या कोठारावर टांगलेल्या पेटीत खरुचीची पिल्लं होती. खरुची म्हणजे ससाण्याची धाकटी बहीण. रुबाब मात्र थोरल्याचा. आजोबांनी रोज थोडा थोडा पुढे सरकवत लपून बसायचा तंबू पेटीसमोर आणला होता. वडिलांची युक्ती अशी: तंबूत दोघांनी शिरायचं, एकानं बाहेर पडून निघून जायचं. पक्ष्याला मोजता येत नाही; त्याला वाटतं, गेले सगळे.

निघून जाणाऱ्याची भूमिका मला मिळाली. माझ्या नाटकीपणाची आयुष्यात प्रथमच कदर झाली!

पहिल्या दिवशी मी ऐटीत बाहेर पडलो. दहा पावलांवर वळून म्हणालो, "थर्मास डाव्या हाताला आहे हं!" आणखी पाच पावलं. "बिस्किटं पिशवीत!" फाटकाशी पोचून हातही हलवला. खरुची दूरच्या झाडावरून हलेना. पिल्लं उपाशी राहतील म्हणून तासाभरात आजोबाच बाहेर आले.

घरी बायको म्हणाली, "तू चपला घातल्यावर अर्धा तास दारात बोलतोस. आमच्या माहेरी तुला निरोप देताना दुसरा चहा ठेवतात!"

आजोबा रागावले नाहीत. "पिल्लं दोन दिवसांत उडतील, प्लेट एकच आहे," ते म्हणाले. "उद्या नुसता जा."

दुसऱ्या दिवशी गेलो. मान वळू नये म्हणून टोपी दोन्ही हातांनी धरून, मुकाट. फाटकापलीकडे सायकलीपाशी थांबलो. बऱ्याच वेळानं फोन आला. "आली," आजोबा कुजबुजले.

फोटोत ती पेटीच्या काठावर आहे, चोचीत उंदीर. पिल्लं आ वासून बसलीत आणि बाईसाहेब मान वळवून फाटकाकडे बघताहेत: हा माणूस परत तर येत नाही ना!

आता आजोबांना फोटो नीट दिसत नाही. रविवारी मी जाऊन त्यांना सांगतो: उंदीर, पिल्लं, फाटक. ते दर वेळी तितकंच हसतात. मग मी बूट घालतो, आणि दारात आम्ही अर्धा तास बोलतो.